ड्रायव्हर आधी, बोर्ड नंतर

आपल्या छत्रपती संभाजीनगरात जुन्या विंडोजवर पोट असलेली माणसं बरीच आहेत. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या लहान वर्कशॉपमध्ये व्हीएमसी आणि टर्निंग सेंटरला प्रोग्रॅम पाठवणारा पीसी विंडोज ७ वर असतो, क्वचित एक्सपीवरही. गुलमंडी, औरंगपुरा भागातल्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत पेजमेकर, जुनं कोरलड्रॉ आणि श्रीलिपी, आकृती, आयएसएमचे फॉन्ट हा संसार आजही चालू आहे. वीस-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, स्मरणिका त्या फॉन्टांत अडकलेल्या आहेत. मशीन उत्तम चालतंय, फॉन्ट उत्तम उमटतोय, कामगाराचा हात बसलेला आहे. मग एका उन्हाळ्यात कपॅसिटर फुगतात, बोर्ड जातो, त्या पिढीचा नवा बोर्ड बाजारात मिळत नाही आणि मालक समोर दिसेल तो नवा पीसी घेऊन येतो.

नव्या पीसीवर जुनी विंडोज कशीबशी बसते आणि मग गाडी अडते ती ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर. मला येणारे फोन ठरलेले असतात. "स्क्रीन मोठी दिसतेय", "अक्षरं फाकलीत", "स्क्रोल केलं की रेघारेघांनी खाली येतंय", "थ्रीडी उघडतच नाही". आजार एकच असतो. विंडोजला समोरचं ग्राफिक्स ओळखता आलेलं नसतं आणि ती आपल्या पोटातला सर्वसाधारण व्हीजीए ड्रायव्हर वापरून दिवस काढत असते. ही कामं करता करता जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहितो. काही मुद्दे लांबतील, काही दोन ओळींत संपतील.

१. जुनी विंडोज नेमकी कशासाठी हवी, हे मालकाच्या तोंडून काढून घ्या

"आमचं सॉफ्टवेअर सेव्हनवरच चालतं" हे वाक्य निम्म्या वेळा ऐकीव असतं. पेजमेकर ७ हे २००१ सालचं सॉफ्टवेअर, पण ते कित्येक ठिकाणी विंडोज १० वरही उघडतं. खरी अडचण सहसा लॉकची असते, म्हणजे डोंगलची. प्रोग्रॅम ३२ बिटचा असला तरी ६४ बिटच्या विंडोजवर चालू शकतो, लॉकचा ३२ बिट ड्रायव्हर मात्र तिथे चालत नाही. इन्स्टॉलर १६ बिटचा असेल तर तोही ६४ बिटवर उघडत नाही. म्हणून मी आधी विचारतो: काका, लॉक यूएसबीचं आहे की मागे प्रिंटरच्या जागी लागणारं जुनं पॅरलल? सीडी आहे का? सॉफ्टवेअर देणारा माणूस अजून या धंद्यात आहे का? लॉकचा नवा ड्रायव्हर कंपनीने काढलेला असेल, तर जुन्या विंडोजचा हट्टच उरत नाही आणि ग्राफिक्सचा प्रश्न जागच्या जागी मिटतो. हे विचारायला दहा मिनिटं लागतात आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

२. प्रत्येक विंडोजपुढे एक शेवटचं ग्राफिक्स असतं; ते कोणतं, हे पाठ हवं

लोक ड्रायव्हर "शोधत" बसतात. पण जो ड्रायव्हर कोणी लिहिलाच नाही, तो शोधून कुठून मिळणार? रात्र-रात्र जागून साइटी पालथ्या घालणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत आणि मला त्यांच्या कष्टांचं वाईट वाटतं, कारण उत्तर पहिल्या पाच मिनिटांत कळण्यासारखं असतं.

विंडोज ७ आली २२ ऑक्टोबर २००९ ला आणि तिचा आधार संपला १४ जानेवारी २०२० ला. ग्राफिक्सवाल्यांनी आपापली दारं वेगवेगळ्या वेळी बंद केली. इंटेलच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स घ्या. सहाव्या पिढीपर्यंत, म्हणजे एचडी ५३० पर्यंत, विंडोज ७ चा अधिकृत ड्रायव्हर आहे. सातव्या पिढीच्या एचडी ६३० ला नाही. जानेवारी २०१६ मध्येच मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलं होतं की यापुढचे प्रोसेसर फक्त विंडोज १० वर. २०१७ पासून तर नव्या प्रोसेसरवरच्या विंडोज ७ ला अपडेट देणंही थांबवलं. एएमडीच्या बाजूला रायझन ३ २२००जी आणि रायझन ५ २४००जी हे चिप २०१८ च्या फेब्रुवारीत आले. स्वस्तात ग्राफिक्ससकट मिळतात म्हणून लहान धंदेवाल्यांनी ते हौसेने घेतले. त्यांच्यातल्या ग्राफिक्सला विंडोज ७ चा ड्रायव्हर कधी निघालाच नाही.

वेगळ्या कार्डांचं नशीब जरा बरं. एनव्हिडियाने विंडोज ७ साठी नेहमीचे ड्रायव्हर २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत दिले, एएमडीने त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या २१.५.२ पर्यंत. पण ही गोष्ट ६४ बिटची. ३२ बिट विंडोजसाठी एनव्हिडियाने २०१८ मध्येच हात आखडता घेतला, ३९१.३५ हा तिथला शेवटचा ड्रायव्हर. ज्याच्या लॉकला ३२ बिट विंडोज लागते, त्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

एक्सपीची रेघ आणखी अलीकडे ओढलेली आहे. इंटेलच्या तिसऱ्या पिढीपर्यंत, म्हणजे एचडी ४००० पर्यंत, एक्सपीचा ड्रायव्हर मिळतो. चौथ्या पिढीचं नाव काढू नका. एनव्हिडियाचा एक्सपीसाठीचा शेवटचा ड्रायव्हर ३६८.८१, साल २०१६.

असं का होतं, हे मालकाला समजावून सांगितलं की त्याचा राग शांत होतो. विंडोजच्या आत ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी एक ठरलेला साचा असतो. एक्सपीचा साचा वेगळा होता. २००७ साली व्हिस्टाबरोबर डब्ल्यूडीडीएम नावाचा नवा आला, विंडोज ७ मध्ये त्याची १.१ आवृत्ती आहे आणि विंडोज १० मध्ये २.०. या २.० मध्ये ग्राफिक्सची मेमरी वाटून देण्याची पद्धत मुळापासून बदलली. त्यामुळे विंडोज १० चा ड्रायव्हर जबरदस्तीने सेव्हनमध्ये बसवता येत नाही. तो ज्या सोयी मागतो त्या तिथे नाहीतच. कंपनीने ड्रायव्हर दाबून ठेवलेला नसतो. जुन्या विंडोजसाठी वेगळा लिहायचा, तपासायचा, त्यावर सही घ्यायची, हा खर्च तिला परवडेनासा झालेला असतो.

३. नावावर जाऊ नका, क्रमांक काढा

खोक्यावर काय लिहिलंय, बिलावर काय लिहिलंय, विकणारा काय म्हणाला, हे सगळं बाजूला ठेवायचं. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, डिस्प्ले अडॅप्टरखाली "स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अडॅप्टर" असं काहीतरी दिसेल, त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडी. एक लांबलचक ओळ दिसते. तिच्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या: बनवणाऱ्याचा क्रमांक आणि चिपचा क्रमांक. बनवणारा ८०८६ असेल तर इंटेल (१९७८ सालच्या त्या प्रसिद्ध प्रोसेसरचंच नाव), १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी. चिपचा क्रमांक १९१२ दिसला की ते सहाव्या पिढीचं एचडी ५३०, काम होणार. ५९१२ दिसला की सातव्या पिढीचं एचडी ६३०, इथून दुसरा रस्ता धरायचा.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण ती मला कोणी शिकवली नव्हती आणि तिने माझं सगळं काम सोपं केलं. डाउनलोड केलेला ड्रायव्हर लगेच सेटअपवर डबल क्लिक करून टाकू नका. तो आधी सेव्हन-झिपने उलगडा. आत आयएनएफ नावाच्या फायली असतात. त्या नोटपॅडमध्ये उघडतात, साधा मजकूर असतो. कंट्रोल एफ दाबून आपल्या चिपचा क्रमांक शोधा. सापडला नाही, तर हा ड्रायव्हर आपल्यासाठी नाही, विषय संपला. सापडला, तर वर सरकत जाऊन तो कोणत्या चौकटी कंसाखाली आहे ते बघा. त्या कंसातल्या नावाच्या शेवटी विंडोजचा आतला क्रमांक लिहिलेला असतो. ६.१ म्हणजे विंडोज ७, १०.० म्हणजे विंडोज १०, ५.१ म्हणजे एक्सपी. आपला चिप फक्त १०.० च्या खाली असेल, तर सेव्हनवर "हा संगणक किमान गरजा पूर्ण करत नाही" असा निरोप का येतो, ते तिथेच डोळ्यांनी दिसतं. त्याच नावात एएमडी६४ दिसलं म्हणून दचकू नका. इंटेलच्या ६४ बिट मशीनसाठीही तेच लिहितात.

ड्रायव्हर बसेल की नाही हे बसवण्याआधी सांगता येणं, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, त्याचं मशीन उभं असतं आणि त्याला "बघू, ट्राय करतो" यापेक्षा पक्कं उत्तर हवं असतं.

४. कोड ५२ दिसला तर ड्रायव्हरला दोष देऊ नका

बरोबर ड्रायव्हर टाकला, तरी पिवळं उद्गारचिन्ह जात नाही आणि आत कोड ५२ दिसतो: डिजिटल सही तपासता येत नाही. कोऱ्या सीडीवरून टाकलेल्या विंडोज ७ वर हे सर्रास होतं. पुढच्या काळातल्या ड्रायव्हरांवर एसएचए-२ पद्धतीची सही आहे आणि मूळ विंडोज ७ ला ती वाचता येत नाही. आधी सर्व्हिस पॅक १, मग केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ हे दोन अपडेट, मग रीस्टार्ट, मग ड्रायव्हर. हे दोन अपडेट माझ्या पेनड्राइव्हवर कायम असतात.

एफ८ दाबून सहीची तपासणी बंद करण्याचा उपाय सांगणारे बरेच भेटतात. तो त्या एका सुरुवातीपुरता असतो. रात्री लाइट जाऊन यूपीएस संपला, सकाळी पीसी पुन्हा सुरू झाला, की स्क्रीन परत फाकलेली.

५. शोधायचं कुठे

पहिलं ठिकाण चिप बनवणाऱ्याचं संकेतस्थळ, दुसरं बोर्ड किंवा ब्रँडेड पीसी बनवणाऱ्याचं. तिसरं ठिकाण फार कमी लोकांना ठाऊक आहे: मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग. तिथल्या शोधाच्या खिडकीत तो हार्डवेअर आयडीच टाकता येतो आणि त्या चिपसाठी मायक्रोसॉफ्टकडे जमा झालेले ड्रायव्हर विंडोजच्या आवृत्तीसह समोर येतात. कॅब फाइल उतरते, ती उलगडायची आणि डिव्हाइस मॅनेजरमधून "हॅव डिस्क" करून फोल्डर दाखवायचा.

"ड्रायव्हर अपडेटर", "वन क्लिक ड्रायव्हर" असल्या गोष्टी कामाच्या मशीनवर अजिबात नकोत. त्यातल्या बऱ्याच पैसे मागतात, काही सोबत नको ते घेऊन येतात, आणि नसलेला ड्रायव्हर त्यांच्याकडेही नसतोच.

हे सगळं दुसऱ्या, नव्या मशीनवर उतरवायचं. एक्सपीवर क्रोम ४९ च्या पुढे आणि सेव्हनवर क्रोम १०९ च्या पुढे गेलं नाही; आजच्या कित्येक साइटी त्या जुन्या ब्राउझरमध्ये धड उघडत नाहीत.

आणि जे मिळेल ते जपून ठेवा. २०१९ च्या अखेरीस इंटेलने आपल्या जुन्या मदरबोर्डांचे बायॉस आणि ड्रायव्हर संकेतस्थळावरून काढून टाकले. २०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने एसएचए-१ सही असलेल्या फायली डाउनलोड सेंटरवरून हटवल्या. आज साइटवर आहे म्हणजे पुढच्या वर्षी असेल, असं धरून चालू नका.

६. ऑनबोर्ड हट्टाला पेटलं तर छोटं कार्ड टाका

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मशीन याच उपायाने मार्गी लागलेली आहेत. नवा पीसी घेऊन झालेला आहे, परत देता येत नाही, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला सेव्हनचा ड्रायव्हर नाही. अशा वेळी एक लहान एनव्हिडियाचं कार्ड, जीटी ७१० किंवा जीटी १०३०, आणि प्रश्न सुटतो. दोन्हींना विंडोज ७ चा अधिकृत ड्रायव्हर आहे. जीटी ७१० ला १९ वॅट लागतात, जीटी १०३० ला ३० च्या आसपास, म्हणजे वेगळी पॉवरची वायर नको आणि स्वस्तातला एसएमपीएसही ओझं उचलतो. थंडाव्यासाठी पंखा नसलेली, नुसत्या हीटसिंकची कार्डंही मिळतात. वर्कशॉपमधल्या तेलकट धुळीत पंखा सहा महिन्यांत अडकतो, तिथे मी हीटसिंकवालीच सुचवतो, मात्र कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवून. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते वाळूजच्या माणसाला सांगायला नको.

घेण्याआधी मागची सॉकेटं बघा. छापखान्यातला जुना मॉनिटर व्हीजीएचा असतो. जीटी ७१० च्या बऱ्याच कार्डांवर व्हीजीए मिळतं. जीटी १०३० च्या पिढीपासून एनव्हिडियाने अॅनालॉग आउटपुटच काढून टाकला. तिथे एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागतो.

सेकंडहँड कार्डांबाबत सावध राहा. बाजारात अशी कार्डं फिरतात की आतला चिप फार जुना, बायॉस बदलून नाव मात्र जीटीएक्स १०५० टीआयचं दिलेलं. ड्रायव्हर टाकला की कोड ४३ येतो किंवा मशीन निळं पडतं, आणि बिचारा मेकॅनिक ड्रायव्हर बदलून बदलून दमतो. जीपीयू-झेड हे लहानसं मोफत सॉफ्टवेअर अशा कार्डापुढे "फेक" असं सरळ लिहितं. पैसे देण्याआधी दुकानातच चालवून बघा.

कार्ड टाकण्याआधी जुन्या ग्राफिक्सचे उरलेसुरले ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या सॉफ्टवेअरने पुसून काढायचे. एवढं केलं की पुढची भानगड राहत नाही.

या उपायाने काय फरक पडतो, तो एका छापखान्यात मी शेजारी बसून पाहिला. लग्नसराईचे दिवस होते. ड्रायव्हरविना स्क्रीन १०२४ गुणिले ७६८ वर अडकलेली, मॉनिटर मात्र रुंद, १९२० गुणिले १०८० चा. त्यामुळे चौकोनी चित्र आडवं ताणलं जाऊन पत्रिकेवरचा गणपती पसरट दिसत होता. कंपोझिंग करणाऱ्या ताई पंधरा-वीस वर्षांच्या सरावाने नजरेनेच जागा मोजतात. त्यांना नावांच्या ओळी मधोमध आहेत की नाही, हे कळेना. दर पत्रिकेला प्रिंट काढून तपासायची वेळ आली होती. कार्ड बसलं, ड्रायव्हर बसला, रिझोल्यूशन पूर्ण झालं आणि त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर पानाच्या कडेची एक बारीक वेलबुट्टी मोठी करून नीट निरखली आणि म्हणाल्या, "आता दिसतंय, दादा." मग लगेच पुढची फाइल उघडली. ड्रायव्हरला तांत्रिक बाब म्हणणाऱ्यांनी अशा माणसाच्या शेजारी अर्धा तास बसावं.

वर्कशॉपमधली तऱ्हा वेगळी. तिथे चित्र ताणलेलं चालतं, पण कॅमच्या सॉफ्टवेअरमध्ये टूलपाथ थ्रीडीत फिरवून बघावा लागतो. ते ओपनजीएलवर चालतं. ड्रायव्हर नसेल तर विंडोज आपलं १.१ आवृत्तीचं कामचलाऊ ओपनजीएल पुढे करते. सॉफ्टवेअरच्या ग्राफिक्स माहितीच्या पानावर "जीडीआय जेनेरिक" असं नाव दिसलं, की समजायचं कार्डाचा उपयोग शून्य होतोय, सगळं ओझं प्रोसेसरवर आहे. टूलपाथ न बघता प्रोग्रॅम मशीनला पाठवला आणि टूल जॉबवर किंवा फिक्स्चरवर आदळलं, तर होणारं नुकसान कार्डाच्या किमतीच्या कितीतरी पट असतं. म्हणून अशा ठिकाणी "तात्पुरतं चालू द्या" याला मी नकार देतो.

७. बदललेल्या आयएनएफचा मार्ग

तिसऱ्या मुद्द्यात सांगितलेल्या फाइलमध्ये आपल्या चिपचा क्रमांक हाताने घुसवून ड्रायव्हरला फसवता येतं. सहाव्या पिढीचा ड्रायव्हर असा बदलून सातव्या पिढीवर चालवणारे लोक जगभर आहेत, आणि त्यांची चिकाटी मला मनापासून आवडते. पण फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तिची सही तुटते. मग विंडोज टेस्ट मोडमध्ये ठेवावी लागते. घरच्या प्रयोगासाठी खुशाल करा. दुसऱ्याच्या रोजीरोटीच्या मशीनवर मी हे करत नाही.

८. ड्रायव्हरपर्यंत पोचण्याआधीच अडवणारी दोन दारं

सहाव्या पिढीच्या इंटेल बोर्डांपासून जुनी यूएसबी यंत्रणा गेली, सगळे पोर्ट यूएसबी ३ च्या कंट्रोलरवर आले. विंडोज ७ च्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नाही. इन्स्टॉलेशनच्या पहिल्याच पडद्यावर माऊस आणि कीबोर्ड मुके होतात. गोल पीएस-२ सॉकेट असलेला बोर्ड आणि तसला कीबोर्ड असेल तर निभावतं, नाहीतर यूएसबीचे आणि एनव्हीएमईचे ड्रायव्हर आधीच मिसळलेली इमेज तयार ठेवावी लागते.

दुसरं दार बायॉसचं. सिक्युअर बूट बंद आणि सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोय, चालू असल्याशिवाय सेव्हन बहुधा लोगोवरच थिजते. इंटेलच्या ५०० मालिकेपासूनच्या बोर्डांवर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर सीएसएम चालू करता येत नाही, वेगळं कार्ड आधी लावावं लागतं. म्हणजे कार्ड हा इथे दुहेरी उपाय ठरतो. एक्सपीसाठी सीएसएमच्या जोडीला साटा आयडीई मोडवर ठेवा, नाहीतर इन्स्टॉलेशन निळ्या पडद्यावर संपतं.

९. लॅपटॉप

नवा लॅपटॉप घेऊन त्यावर सेव्हन टाकायचा विचार सोडून द्या. दोन-दोन ग्राफिक्स, बनवणाऱ्याने बदललेले ड्रायव्हर, कार्ड टाकायला जागा नाही. नाही म्हणून सांगायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं.

१०. जुनी विंडोज नव्या विंडोजच्या पोटात ठेवा

छापखान्यांना मी आता हाच मार्ग आधी सुचवतो. नव्या पीसीवर नवी विंडोज राहू द्यायची, तिच्यावर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर टाकायचं आणि त्यात एक्सपी किंवा सेव्हन. आतल्या विंडोजला खरं ग्राफिक्स दिसतच नाही; तिला एक आभासी कार्ड दिसतं आणि त्याचा ड्रायव्हर त्या सॉफ्टवेअरसोबतच येतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याला गेस्ट अॅडिशन्स म्हणतात. तो टाकला की खिडकी ओढून मोठी केली तरी रिझोल्यूशन आपोआप जुळतं. बाहेरचं हार्डवेअर कोणत्या पिढीचं, हा प्रश्नच बाद होतो. पेजमेकरसारख्या सपाट कामाला हे पुरेसं आहे. यूएसबीचं लॉक आत दिलं की बहुतेक वेळा ओळखलं जातं. पॅरलल लॉक मात्र छळतं, आणि थ्रीडी कॅमचं काम इथे नीट होत नाही. वर्कशॉपला खरंच जुळणारं हार्डवेअर द्यावं लागतं.

सगळ्यात मोठा फायदा असा, की पूर्ण जुनी विंडोज एका फोल्डरात मावते. तो फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवला, की पुढचा पीसी गेला तरी तासाभरात काम सुरू.

११. खरेदीआधी फोन करा

माझं एकच कळकळीचं मागणं असतं: मालकांनी पीसी घेऊन मग मला बोलवू नये, आधी बोलवावं. दुकानदार प्रोसेसरची पिढी जितकी नवी तितकं चांगलं म्हणून विकतो. त्याच्या बाजूने ते बरोबर आहे. जुनी विंडोज चालवायची असेल तर उलट विचार करावा लागतो. ड्रायव्हर कुठपर्यंत आहे ते आधी बघायचं आणि त्या रेघेच्या आतलं हार्डवेअर घ्यायचं. सेव्हनसाठी मी सहाव्या पिढीचे रिफर्बिश्ड ऑफिस पीसी सुचवतो, डेल ऑप्टिप्लेक्स ७०४० किंवा एचपी एलिटडेस्क ८०० जी२ सारखे. ते मोठ्या कंपन्यांतून निघून बाजारात येतात, बांधणी दणकट असते आणि बनवणाऱ्यांनी त्यांच्यासाठी विंडोज ७ चे सगळे ड्रायव्हर दिलेले आहेत. लहान कॅबिनेटचं मॉडेल असेल तर त्यात कार्डही लो-प्रोफाइल लागतं, एवढं लक्षात ठेवा. एच११० चिपसेटचे असेंबल बोर्डही चालतात. त्यातल्या काहींवर सीरियल आणि पॅरललची पिन दिलेली असते, आणि ९६०० च्या वेगाने आरएस-२३२ वरून प्रोग्रॅम पाठवणाऱ्या वर्कशॉपला ती पिन फार उपयोगी पडते. एक्सपी लागणाऱ्याने तिसऱ्या पिढीच्या पुढे जाऊ नये.

१२. ड्रायव्हर बसला की इंटरनेटची वायर काढा

२०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तेव्हा त्याला रोखणारी दुरुस्ती आधीच्या मार्चमध्येच निघालेली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती ती मशीन गेली, आणि त्यांत विंडोज ७ ची मशीन फार होती. आता तर सेव्हनला दुरुस्त्या येतच नाहीत. फायली पेनड्राइव्हने न्या, पेनड्राइव्ह नव्या मशीनवर तपासून घ्या. आणि सगळं नीट चालू झाल्याच्या दिवशीच पूर्ण डिस्कची इमेज क्लोनझिलाने काढून ठेवा. ड्रायव्हर, लॉक, फॉन्ट, सगळं जागेवर असलेली ती इमेज जपा.

१३. आता विंडोज १० ची पाळी आहे

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. आपल्या औद्योगिक पट्ट्यांत सहाव्या-सातव्या पिढीची मशीन पुष्कळ आहेत. ती सगळी विंडोज १० वरच थांबणार. त्यांच्यावरचं सॉफ्टवेअर आणखी दहा वर्षं चालेल आणि मधे कधीतरी बोर्ड जातील. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेच्या पिढ्यांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा म्हणून जाहीर केलेलंच आहे.

म्हणून आता मी विंडोज १० च्या ज्या मशीनला हात लावतो, तिथे एक काम बिलात न धरता करतो. त्या मशीनचे सगळे हार्डवेअर आयडी एका मजकूर फाइलमध्ये उतरवतो, चालू असलेले ड्रायव्हर डिझम या विंडोजमधल्याच आज्ञेने एका फोल्डरात निर्यात करतो, लॉकचं सॉफ्टवेअर आणि सीडीची इमेज त्याच फोल्डरात टाकतो आणि दोन प्रती करतो. एक मालकाच्या पेनड्राइव्हवर, एक माझ्याकडे. पेनड्राइव्हला मशीनच्या नंबराची चिठ्ठी चिकटवून तो कॅबिनेटच्या आत, एसएमपीएसपासून दूर, टेपने लावून टाकतो. उद्या मी नसेन, दुसरा कोणी मुलगा येईल, झाकण उघडेल, तेव्हा त्याला लागणारी प्रत्येक फाइल त्याच खोक्यात मिळेल.